मचूळ पाण्याचा रिपोर्ट

हन्ना "अहो, थांबा…" म्हणेपर्यंत त्या माणसानं बाटलीचं बूच काढून पाण्याचे चार थेंब जिभेवर ठेवलेही होते.

राहात्यात बाजार समितीच्या समोर, खताच्या दुकानाला लागून असलेल्या गाळ्यात माती-पाणी तपासणीचं केंद्र आहे. केंद्र म्हणजे एक टेबल, एक काचेचं कपाट, एक बाकडं आणि बाटल्यांची रांग. पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या, एक तर चक्क खोबरेल तेलाची. प्रत्येकीत कुणाच्या ना कुणाच्या विहिरीचं पाणी आणि गळ्यात दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. त्या रांगेच्या शेवटी हन्नानं आपल्या दोन तपकिरी काचेच्या बाटल्या ठेवल्या आणि फोन वाजला म्हणून ती जराशी वळली. तेवढ्यात हे झालं.

"गिळलं?" तिनं फोन कापून विचारलं. "गिळलं का तुम्ही ते?"

त्या माणसानं शांतपणे कोपऱ्यातल्या मोरीत थुंकून चूळ भरली. तिशीच्या आतबाहेरचा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला, कानामागं पेन खोचलेला.

"मॅडम, मी कधीच गिळत न्हाई. जिभंवर ठेवायचं आन् थुकायचं. रोज तीस बाटल्या येत्यात. गिळत बसलो आसतो तर एव्हाना मलाच मुतखडा झाला आसता."

"पण तपासायला मीटर आहे ना तुमच्याकडे?"

"हाय की. आधी जीभ, मग मीटर. मीटर आकडा सांगतं, चव सांगत न्हाई."

आणि त्यानं दुसऱ्या बाटलीला हात घातला. हन्नाला त्याला अडवता आलं असतं. तिनं अडवलं नाही, कारण या माणसाचं पुढं काय होतं ते तिला बघायचं होतं… हे तिनं खूप नंतर कबूल केलं.

"पहिलं पानी गोडं," तो म्हणाला. "लईच गोडं. ह्यात काय बी न्हाई." मग दुसऱ्याचे थेंब जिभेवर गेले आणि त्याचा सगळा चेहरा आवळून आला. तो दोनदा थुंकला, तीनदा चूळ भरली. "आन् ह्ये… ह्या पान्यात मीठ न्हाई मॅडम, मिठात थोडं पानी हाय. वास बी येतोय. कोबी उकडल्यावानी."

हन्ना बघतच राहिली. तो वास ओळखायला गोव्यातल्या तिच्या प्रयोगशाळेत कपाटाएवढं यंत्र होतं आणि ते पाऊण तास घुमत बसायचं.

"कुठल्या म्हनायच्या ह्या दोन विहिरी?"

"दोन नाहीत. दोन्ही एकाच तळ्यातलं पाणी आहे."

आता मात्र त्यानं कानामागचं पेन काढून टेबलावर ठेवलं. त्याचा अपमान झाला होता. "एकाच तळ्यातलं एक पानी आसं आन् दुसरं तसं? मॅडम, मी गरीब आसंन, पन येडा न्हाई."

मग तिला सगळं सांगावंच लागलं. ती हन्ना उजागरे, इथल्याच उजागरे गुरुजींची मुलगी. गोव्याला राहून पीएच.डी. करत होती आणि प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहायला महिनाभर घरी आली होती. हे बाटल्यांतलं तळं अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरचं. एक बाटली वरच्या पाण्याची, एक तळाच्या. काम होऊन उरलेलं पाणी तिनं पप्पांच्या जुन्या शाळेतल्या मुलांना दाखवायला आणलं होतं. ते घरच्या फ्रिजमध्ये ठेवलं, दोन दिवस लाइट गेली, बर्फ वितळून चिठ्ठ्या भिजल्या, आणि कुठली बाटली वरची न् कुठली तळाची तेच कळेना. शाळेतला कार्यक्रम उद्यावर आला होता.

"बर्फाच्या देशात खारं पानी कुठून आलं?"

"समुद्राचंच आहे. पूर्वी तिथल्या जमिनीवर बर्फाचं फार ओझं होतं. ते कमी झालं तशी जमीन वर आली आणि समुद्राचा एक तुकडा मागं अडकला. पुढं आजूबाजूचा बर्फ वितळून त्याचं गोडं पाणी वर येऊन बसलं. खारं जड, ते खाली. गोडं हलकं, ते वर. आणि सगळ्यावर बर्फाचं झाकण, म्हणजे वाराही ढवळत नाही. हजारो वर्षं ती दोन पाणी तशीच आहेत."

"म्हंजे एका घरात ऱ्हाऊन बोलत न्हाईत."

हन्नाला हसू आलं. तो मात्र विचारात पडला होता. बोटानं त्यानं टेबलावर एक आडवी रेघ ओढली, मग तीच रेघ जरा घासली.

"पन मॅडम, वर गोडं, खाली खारं… मग मधी कुटंतरी मचूळ आसंल की."

हन्नानं त्या घासलेल्या रेघेकडे पाहिलं. चार वर्षं ती त्या मधल्या थराचंच काम करत होती. इंग्रजीत त्याला भलंमोठं नाव होतं. पप्पांना समजावताना ती 'संक्रमणाचा थर' असलं काहीतरी म्हणायची आणि पप्पा मान डोलवायचे, न कळल्यावर डोलवतात तशी. मचूळ हा शब्द तिच्या आजीच्या तोंडी रोज असायचा. तो तिला एकदाही सुचला नव्हता.

"मी त्याच्यावरच काम करते," ती म्हणाली. "मचुळावर."

बाकड्यावर बसलेल्या छबूबाईंना इतका वेळ गप्प बसणं जड गेलं होतं. त्या आपल्या विहिरीच्या पाण्याची बाटली घेऊन आल्या होत्या. "पन शिकती काय म्हनायची तू, पोरी?"

"सेंद्रिय रसायनशास्त्र, मावशी."

छबूबाईंनी तिच्याकडे नीट बघून घेतलं. "आसं कसं गं? सेंद्रिय म्हंजे शेनखत. रासायनिक म्हंजे युरिया. आमचा गोरक्ष सेंद्रिय करतो, त्यो रासायनिकाला हात लावंना. आन् तू दोन्ही एकदम शिकती?"

हन्नानं मदतीसाठी टेबलापलीकडे पाहिलं. तो खाली मान घालून हसत होता. "मला नका इचारू मावशी. बीएस्सीला दुसऱ्या वर्षी मी त्याच पेपरात गचकलो. तीनदा बसलो, तीनदा नापास. म्हनून तर हितं पानी चाटत बसलोय."

मग त्यानं छबूबाईंचं पाणी जिभेवर ठेवलं, थुंकला, मीटर लावलं आणि चिठ्ठी लिहिली. "मावशी, मचूळ हाय. उन्हाळ्यात परत बाटली घेऊन या."

"आनिक परत कशाला?"

"गोडं आसतं तर गोडं लिहून मोकळा झालो आसतो, खारं आसतं तर खारं. मचुळाचा रिपोर्ट फायनल नसतो. त्ये कुठं बी झुकतंय. परत यावंच लागतं."

निघताना हन्ना म्हणाली, "थँक्यू, दादा."

तिच्या दोन बाटल्यांवर नव्या चिठ्ठ्या बांधता बांधता त्याचा हात थांबला. "रिपोर्टावर सही हाय, सहीखाली नाव हाय. सत्यवान पगारे. दादा तेवढं… नका म्हनू."

"का?"

"रिपोर्टात चूक नको ऱ्हायला."

तो हे वर न बघता बोलला. हन्ना गाळ्याच्या पायऱ्या उतरली तेव्हा ऑक्टोबरचं ऊन चांगलंच तापलं होतं, आणि आपण विनाकारण हसतोय हे तिच्या ध्यानात आलं ते थेट पुलापाशी.

*

दोन दिवसांनी ती घरच्या विहिरीच्या मोटारीचं पाणी घेऊन गेली. हे रास्तच होतं. गुरुजींनी निवृत्त झाल्यावर दीड एकर पेरू लावला होता, आणि गेली दोन वर्षं पानांच्या कडा करपत होत्या. सत्यवाननं चव घेतली आणि मचूळ म्हणाला.

त्यानंतर तिनं शेजारच्या विहिरीचं पाणी नेलं. मग चर्चच्या आवारातल्या हापशाचं. मग पाटाचं. प्रत्येक बाटलीमागं अर्धा तास जायचा. पाण्याला दोन मिनिटं लागायची, बाकीचा वेळ बोलण्यात. तिकडे सूर्य मावळत नाही तेव्हा झोप कशी लागते, बर्फाला भोक कशानं पाडतात, पेंग्विन चावतो का… तो विचारायचा आणि ऐकताना पेनचं टोपण काढायचा, लावायचा. राहात्यात तिला भेटेल तो एकच प्रश्न विचारी, त्या तळ्यांचा आपल्याला उपयोग काय? पप्पाही तेच विचारत. सत्यवाननं तो प्रश्न कधी विचारला नाही. रविवारी उपासनेत तो ढोलकी वाजवायचा हे तिला आता आता कळलं होतं. इतकी वर्षं ती सुट्टीत येऊन त्याच चर्चमध्ये बसत होती आणि ढोलकीकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं. आता गाण्याच्या वहीत लक्ष लागेना.

सातव्या बाटलीला सत्यवान म्हणाला, "आज कोनाची विहीर?"

"ही… कडूबाई आजींची."

त्यानं थेंब जिभेवर ठेवले. थुंकला नाही लगेच, जरा घोळवले, मग थुंकला. "कडूबाई आजींच्या विहिरीला फिल्टर बसवलाय काय?"

हन्ना लाल झाली. गडबडीत तिनं स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं पाणी भरून आणलं होतं.

"राहात्यातल्या विहिरी संपत आल्या वाटतं," तो म्हणाला. त्याचे डोळे हसत होते. "आता शिर्डीकडच्या धरा. न्हाईतर मोकळ्या हातानं या. बाटली लागतेच आसं काय न्हाई."

घरी गुरुजी वर्तमानपत्रामागून म्हणाले, "आपली विहीर एक. रिकामी बाटली मात्र घरात एकही उरली नाही."

"पप्पा…"

"मी काही विचारलं का? मी बाटल्यांबद्दल बोलतोय."

*

गुरुजींच्या विहिरीवर यायचं सत्यवाननं स्वतःच काढलं. त्या तळ्याची गोष्ट ऐकल्यापासून त्याच्या डोक्यात एक किडा वळवळत होता. आजवर बहुतेक लोक विहिरीच्या वरवरचं पाणी भरून आणायचे आणि तो त्यावर रिपोर्ट द्यायचा. खाली काय आहे ते कुणी बघितलंय?

तो आला तेव्हा त्याच्या खांद्यावर सुंभाची दोरी होती. तीन तीन फुटांवर गाठी मारलेली. टोकाला बाटली, बाटलीला बांधलेला दगड आणि बुचाला वेगळी बारीक दोरी. बाटली हव्या त्या गाठीपर्यंत सोडायची, बारीक दोरीला झटका द्यायचा, बूच निघतं, तिथलंच पाणी आत.

हन्ना ते बघून हसत सुटली. "आम्ही बर्फात भोक पाडून अगदी हेच करतो. फक्त आमच्या बाटलीबरोबर चाळीस पानांचं पुस्तक येतं."

"मग तर झालंच. बुचाची दोरी तुमी धरा."

विहिरीला वीस फूट पाणी होतं. दोघं कठड्याला टेकून वाकले. जाड दोरी त्याच्या हातात, बारीक हिच्या.

"आता?"

"थांबा… आता."

तिनं झटका दिला. ओली दोरी तळव्यात करकचून घसरली आणि तिनं हात झटकला. सत्यवाननं काही न बोलता खिशातला रुमाल काढला, तिच्या तळहाताला गुंडाळला आणि वर एक गाठ मारली. गाठ मारायला जेवढा वेळ लागतो त्याहून थोडा जास्त लागला. गुरुजींना त्याच वेळी पेरूच्या झाडात काहीतरी महत्त्वाचं दिसलं.

तो चाखत गेला, ती मीटर लावत गेली. तीन फूट, गोडं. सहा, गोडं. नऊ, गोडंच म्हणायचं. बारा फुटांवर सत्यवान म्हणाला, "मचूळ," आणि पंधरापासून खाली त्याचा चेहरा आवळायला लागला.

"गुरुजी, तुमची मोटार कुठं टांगलीय?"

"तळाला. सगळ्यांची तिथंच असते."

"वर घ्या. आठ फुटांवर टांगा, पानी उतरंल तशी थोडी थोडी खाली सोडा. तळातलं खारं उपसून तुमी पेरूला पाजताय आन् वरचं गोडं तसंच पडून हाय."

गुरुजी विहिरीत बघत राहिले. चष्मा काढून त्यांनी पुसला. तो स्वच्छच होता. "चार वर्षं मी हिला विचारतोय, त्या तळ्यांचा उपयोग काय म्हणून," ते म्हणाले. मग चहा टाकायला आत गेले. हन्नाची आई गेल्यापासून चहा तेच करत.

दोघं कठड्यावर बसले. त्यानं पेरू फोडून अर्धा तिला दिला.

"त्यो कोबीचा वास कशाचा, ते ऱ्हायलं सांगायचं."

"शेवाळाचा. त्या पाण्यात इतकं मीठ असतं की साधा जीव सुकून जाईल. म्हणून ते शेवाळ आत एक पदार्थ बनवून साठवून ठेवतं. बाहेर जितका खार, तितका आत साठा. त्यावर ते तगतं. जिवंत असेपर्यंत त्याचा वास येत नाही. ते मेलं, फुटलं, की तो साठा पाण्यात उतरतो, मोडतो, आणि मग हा वास सुटतो."

सत्यवान पेरूकडे बघत होता. "म्हंजे आत काय हुतं ते मेल्यावरच कळतं."

चार वर्षं त्याच पदार्थाचे आलेख काढून हन्नाला हे वाक्य कधी सुचलं नव्हतं. सांगायचं तर आत्ताच, असं तिनं ठरवलं.

"सत्यवान… मला पत्र आलंय. तिकडं हिवाळाभर राहणाऱ्या तुकडीत मी राखीव होते. एक जण गळाला. येत्या शुक्रवारपर्यंत हो की नाही कळवायचं आहे."

"हिवाळाभर म्हंजे?"

"चौदा महिने. मध्ये परत येता येत नाही. बोट नाही, विमान नाही. बर्फाखालच्या त्या थराचं अंधारात काय होतं, ते आजवर फार कमी लोकांनी बघितलंय."

पाटाच्या बाजूनं वारा आला. पेरूची पानं सळसळली, थांबली. तो हातातला पेरू फिरवत राहिला.

"काहीतरी बोला ना."

"जा की," तो म्हणाला. "इतकं शिकलाय. कशाला थांबायचं?"

त्याच्या आवाजात काहीच नव्हतं. पहिल्या बाटलीतल्या पाण्यात नव्हतं तसं. हन्नाला राग आला, आणि राग आल्याचा आणखी राग आला.

"मी रिपोर्ट मागत नाहीये. तुमच्या मनात काय आहे ते विचारतेय."

त्यानं उरलेला पेरू कठड्यावर ठेवला. "मचूळ," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"जाऊ नका म्हनलं तर मी वाईट. खुशाल जा म्हनलं तर ते खोटं. आन् मी कोन म्हनून म्हनायचं? तुमच्या इषयात तीनदा नापास झालेला मानूस." त्यानं दोरी गुंडाळायला घेतली. "माझं नाव बी असं हाय की खोटं बोलता येत न्हाई."

गुरुजी चहाचे तीन कप घेऊन बाहेर आले तेव्हा कठड्यावर एकटी हन्ना होती, तळहाताला रुमाल गुंडाळलेली.

*

चार दिवस ती केंद्राकडे फिरकली नाही. चूकभूल शोधायची तर दोघांचीही सापडली असती, पण हन्नाला फक्त त्याची दिसत होती. मचूळ. ज्या शब्दासाठी तिला हा माणूस आवडायला लागला, तोच त्यानं तिच्या हातावर ठेवला होता. धड ना हे, धड ना ते. राहात्यात मचूळ विहिरीला कुणी चांगलं म्हणत नाही.

गुरुवारी दुपारी ती प्रबंधाचं शेवटचं प्रकरण पुन्हा वाचत होती. त्या मधल्या थराचंच. तिचेच आकडे, तिचेच आलेख. वाचता वाचता ती एका आलेखापाशी थांबली, मागं गेली, पुन्हा तिथं आली. मग पेन्सिल खाली ठेवून ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली.

शुक्रवारी सकाळी तिनं होकार कळवून टाकला. पप्पांना सांगितलं. गुरुजी म्हणाले, "मोटार वर घेतलीय, मला आता विहिरीचं काम भरपूर आहे. तू जा." मग थोड्या वेळानं, "माझं सोड. आणखी कुणाला सांगायचं असेल तर बाटली आहे का घरात?"

निघायच्या दिवशी ती केंद्रात गेली. अवकाळी पावसाची भुरभुर सुरू होती, त्यामुळे बाकडं रिकामं होतं. सत्यवान नव्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर शिक्का मारत बसला होता. तिला बघून तो उभा राहिला. शिक्का हातातच राहिला.

"मला वाटलं, गेलात."

"चारची एस.टी. आहे." तिची नजर त्या चिठ्ठ्यांवर गेली. नाव, गाव, चव, क्षार, शेरा, पुन्हा तपासणी, आणि मध्ये एक नवीन रकाना छापलेला: 'किती फुटांवरचे पाणी'.

तिनं पिशवीतून त्या दोन तपकिरी बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. शाळेतल्या मुलांचं बघून झाल्यावर गोड्या पाण्याची निम्मी उरली होती, खाऱ्याची जराशी.

"त्या दिवशी अर्धं सांगायचंच राहिलं होतं," ती म्हणाली. "माझ्याही ते लक्षात नव्हतं. त्या तळ्यात वरच्या गोड्या पाण्याला उजेड मिळतो, पण खायला काही नसतं. तळाच्या खाऱ्यात खायला भरपूर, पण उजेड नाही, हवा नाही. मधल्या थरात दोन्ही थोडंथोडं पोचतं. अख्ख्या तळ्यात सगळ्यांत दाटीनं जीव तिथं राहतात, सत्यवान. मी चार वर्षं त्यांनाच मोजतेय. आणि तुम्ही मचूळ म्हणालात तर मी रुसून बसले."

तो ऐकत होता. पेनचं टोपण आज जागचं हललं नव्हतं.

हन्नानं ड्रॉपरनं खाऱ्या पाण्याचे थेंब मोजून गोड्या बाटलीत सोडले. एक, दोन, सात, अकरा. बाटली हलवली. हजारो वर्षं एकमेकांत न मिसळलेली दोन पाणी त्या गाळ्यात, खताच्या वासात, एका झटक्यात एक झाली.

"हा माझा नमुना. तपासा."

सत्यवाननं झाकणात थोडं पाणी घेतलं. जिभेवर ठेवलं. डोळे मिटले. बाहेर पन्हाळीतून पाणी ठिबकत होतं.

"मचूळ," तो म्हणाला.

"बरं. थुंका आता."

त्यानं मान हलवली.

"सत्यवान, थुंका. हे पिण्याचं पाणी नाही, मी तुम्हाला पहिल्या दिवशीच…"

"गिळलं," तो म्हणाला.

तिनं घाईनं बाटलीचं बूच लावलं. तो बोलायला लागला, हळूहळू, एकेक शब्द जिभेवर ठेवून बघत असल्यासारखा.

"तुमी जावं असं मला वाटतं. तुमी जाऊ नये असं बी वाटतं. दोन्ही खरं हाय, म्हनून त्ये मचूळ. पन तुमी मला आवडता, ह्यात मचूळ काय न्हाई. त्या शेवाळावानी मेल्यावर वास सुटून कळन्यात काय उपेग? म्हनून सांगितलं."

हन्नाचे डोळे भरून आले आणि हसूही आलं, दोन्ही एकदम. "मलाही आवडता तुम्ही. सातव्या बाटलीपासून."

"मला पैल्या बाटलीपासून. तुमी 'गिळलं का' म्हनून ओरडलात ना, तवापासून."

त्यानं एक कोरी चिठ्ठी ओढली. नाव: हन्ना उजागरे. चव: मचूळ. शेऱ्यात तो लिहीत गेला, 'पिण्यास योग्य', आणि तिच्याकडे बघून खाली एक रेघ मारली. मग चिठ्ठी फिरवून पेन तिच्या हातात दिलं. शेवटचा रकाना रिकामा होता. पुन्हा तपासणी.

"मचुळाचा रिपोर्ट फायनल नसतो," तो म्हणाला. "परत यावंच लागतं. आन् नमुना ज्याचा त्यानं सोता आनायचा. पोस्टानं चालत न्हाई."

तिनं चौदा महिन्यांपुढची तारीख लिहिली, खाली सही केली. "आणि तपासणारा?"

"त्यो हितंच हाय."

तिनं चिठ्ठी घडी करून पासपोर्टात ठेवली. तळहाताला बांधलेला तो रुमाल पिशवीतच होता. तो तिनं काढून त्याला द्यायला म्हणून टेबलावर ठेवला, मग विचार बदलून परत पिशवीत टाकला. त्यानं ते बघितलं आणि छत्री उचलली.

दोघं एका छत्रीतून स्टँडवर गेले. तिथं गुरुजी बॅगेवर हात ठेवून उभे होते. त्यांनी दोघांकडे पाहिलं, मग दुसरीकडे पाहिलं. चारची एस.टी. त्या दिवशी साडेचारला आली, आणि तिघांपैकी कुणीही तक्रार केली नाही.